हातात जोर नाही, की हाताची ठेवण चुकते?

‘हातात पहिल्यासारखा जोर राहिला नाही’ ही तक्रार आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येते. धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, बिगारी, सफाई कामगार सगळेच हे सांगतात. त्यावर उत्तरही ठरलेले असते: अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या, एक सलाईन लावून घ्या. पोटभर आणि चांगले अन्न हवेच, अंगात रक्त कमी असेल तर उपचारही हवेत. पण आमचे म्हणणे असे की, बाटलीवर पैसे घालण्याआधी काम करताना कोपर, मनगट आणि खांदा कसे असतात ते बघा.

पहारीने दगड हलवताना आपण टेकू दगडाजवळ ठेवतो आणि पहारीचे लांब टोक दाबतो. म्हणून थोड्या जोरात मोठा दगड हलतो. आपल्या हातात मात्र उलटे आहे. कोपर हा टेकू. दंडाची बेटकुळी कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेली असते आणि ओझे असते तळहातात, म्हणजे तीसएक सेंटिमीटर लांब. त्यामुळे कोपर काटकोनात ठेवून दहा लिटरची भरलेली बादली धरली, तर दंडाच्या स्नायूंना तिच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ लावावी लागते. म्हणजे हात दमतो तो कामचुकारपणामुळे नव्हे.

ही ओढ कोनाप्रमाणे बदलते. कोपर साधारण काटकोनात असताना बेटकुळीला पकड सर्वांत चांगली मिळते. हात पूर्ण सरळ असला की स्नायू हाडाच्या रेषेतच ओढतो आणि हात वळवायला जोर कमी उरतो. हात पूर्ण दुमडला की स्नायू आखडतो आणि त्याची ताकद घटते. म्हणून जमिनीवरचा हंडा हाताने हिसकू नये. गुडघे वाकवून, हंडा अंगाशी घेऊन पायांच्या बळावर उठावे. बादली न्यायची असेल तर हात खाली सरळ सोडून न्यावी, म्हणजे कोपरावर ताण जवळजवळ येत नाही. छातीशी धरलेल्या ओझ्यापेक्षा हात लांब करून धरलेले तेच ओझे खांद्याला दुप्पट-तिप्पट जड जाते.

तळहाताची दिशाही महत्त्वाची. हात उताणा असला की बेटकुळी पूर्ण जोर लावते, पालथा असला की तिचा जोर कमी पडतो. हात पालथा आणि कोपर सरळ ठेवून पुन्हा पुन्हा वजन उचलले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. डॉक्टर त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. आपल्या बायांनी टेनिस कधी खेळलेले नसते, पण दुखणे तेच असते.

मनगटाचे घरीच करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ घट्ट आवळा. आवळत नाही ना? आता मनगट सरळ, किंचित मागे घ्या. मूठ लगेच घट्ट होते. म्हणून जाड चादर पिळताना मनगट मुरगळत बसू नका. चादर नळाला किंवा खांबाला अडकवा आणि दोन्ही हातांनी, मनगट सरळ ठेवून पीळ द्या.

पण सगळी जबाबदारी कामगारावर टाकणे आम्हाला मान्य नाही. आखूड दांड्याचा झाडू हातात दिला तर पाठ वाकणारच. ट्रॉली नसेल तर गोणी अंगावरच येणार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या १२७ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे की, ज्याच्या वजनाने कामगाराच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका होईल असे ओझे त्याला वाहायला लावू नये आणि ओझे कसे उचलावे हे त्याला आधी शिकवावे. भारताने हा करार २०१० साली स्वीकारला. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा लांब दांडा, चाकाची गाडी आणि जोडीला माणूस मागणे हा नखरा नाही, हक्क आहे. मुकादमाकडे एकेकट्याने न जाता मिळून मागा.

बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असेल किंवा दोन आठवड्यांतही दुखणे कमी होत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. हातात कळ येऊन छातीत दडपण वाटले आणि घाम फुटला, तर क्षणभरही थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

हात हेच आपल्या घराचे भांडवल आहे. ते कसे वापरावे हे मुलामुलींना आजपासूनच शिकवा, आणि जो ते फुकट झिजवतो त्याला जाब विचारा.