आधी श्वास, मग अर्थ

समकालीन नृत्यरचनेसाठी बोललेल्या शब्दांचं ध्वनिमुद्रण शोधताना बहुतेकजण आधी अर्थ पाहतात. आमच्या मते आधी श्वास ऐकावा. संगीतकार स्टीव्ह राइश यांनी 'कम आउट' (१९६६) एका तरुणाच्या बोलण्याच्या छोट्याशा तुकड्यातून घडवलं. पुनरावृत्तीत अर्थ विरघळतो, लय उरते. नृत्यदिग्दर्शिका आन तेरेसा दे केर्समाकर यांच्या 'फाझ'मध्ये (१९८२) दोन नर्तकी 'कम आउट'च्या तालावर स्टुलांवर बसूनच नाचतात. नृत्यदिग्दर्शिका क्रिस्टल पाइट यांच्या 'द स्टेटमेंट'मध्ये (२०१६) मात्र टेबलाभोवतीचे चार नर्तक ध्वनिमुद्रित संवादांचे आघात अंगावर झेलतात. दोन्ही वाटा खऱ्या. फसते ती तिसरी, शब्दांनी सांगितलेलंच हातवाऱ्यांनी पुन्हा सांगणारी. म्हणून आवाज निवडताना त्यातल्या विरामांत नर्तकाला जागा आहे का, ते तपासा. हा अंक त्या निवडीविषयी आहे.