वजन केलं, कस कोण लावणार?

खानदेशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बढतीची मुलाखत असली की समितीपुढे एक तक्ता जातो. पेपर किती, स्कोपसमध्ये किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा माणूस म्हणून मीही अशा समित्यांपुढे बसलो आहे. ‘तुम्हाला नेमकं काय सापडलं?’ हा प्रश्न मला एकदाही विचारला गेला नाही. म्हणून स्पष्टच सांगतो : ही मोजणी म्हणजे संशोधनाचं मूल्यमापन नव्हे; मूल्यमापन टाळण्याची ती सोय आहे.

एच-इंडेक्स 2005 साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. दहा पेपरांचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ घेतला गेला, तर निर्देशांक दहा. याचे अनपेक्षित, गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, हे खुद्द हर्श यांनीच 2020 मध्ये लिहिलं. इम्पॅक्ट फॅक्टर तर नियतकालिकांची निवड करण्यासाठी निघाला, माणसं तोलण्यासाठी नव्हे.

आमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. क्ष-किरणांच्या मोजमापांतून शरीराच्या आतल्या छेदाचं चित्र गणिताने कसं उभं करायचं, हे अ‍ॅलन कॉरमॅक यांनी 1963 आणि 1964 मध्ये दोन पेपरांत मांडलं. प्रतिसाद जवळजवळ शून्य. पुढे इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र बांधलं. 1971 मध्ये रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. 1979 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. आज जळगावात किंवा धुळ्यात डोक्याला मार लागलेला रुग्ण आणला की डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. 1970 साली कॉरमॅक आमच्या समितीपुढे आले असते, तर या दोन पेपरांच्या जोरावर त्यांना बढती मिळाली नसती.

हा अपवाद नाही. सायटेशन म्हणजे त्या वेळी तुमच्यासारखंच काम आणखी किती जण करताहेत, याची शिरगणती. इथे खानदेशाचं खरं नुकसान होतं. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढंच सांगते. माणूस वाहक की रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. पाड्यावर चालेल असं स्वस्त, खात्रीचं उपकरण करायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी, रक्ताचे नमुने, आरोग्य केंद्रांच्या खेपा, यात दोन-तीन वर्षं जातात. हाती एखादा पेपर.

त्यापेक्षा इंटरनेटवरून ब्रेन ट्यूमरच्या एमआरआय प्रतिमांचा तयार संच उतरवावा, डीप लर्निंग चालवावं, नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता दाखवावी. सहा महिन्यांत पेपर तयार. हजारो जण तेच करत असल्याने सायटेशनही येतात. रुग्णाचं तोंडही पाहावं लागत नाही. ज्याची नोकरी तक्त्यावर ठरते, तो यातलं काय निवडेल?

यावर उत्तर ठरलेलं असतं : मोजणी नसेल तर वशिला चालेल. भीती खोटी नाही. पण मोजणीने वशिला गेला कुठे? पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं आली, ‘तू माझा संदर्भ दे, मी तुझा देतो’ अशी देवाणघेवाण आली. बोगस नियतकालिकांना आळा घालायला यूजीसीने केअर यादी काढली आणि 2025 मध्ये ती बंदही केली. आता निवडीची जबाबदारी संस्थांवरच आहे. जळगावच्या सराफाला विचारा; कस न बघता नुसत्या वजनावर तो सोन्याचा भाव करणार नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कोणी इतिहासाचार्यांचा एच-इंडेक्स विचारत नाही. कागद उघडून वाचतात.

आम्हीही तेच मागतो. उमेदवाराने आपले उत्तम तीन पेपर द्यावेत. समितीने ते आधी वाचून यावं. बायोमेडिकलची जागा असेल तर जिल्ह्यातला एक डॉक्टर समितीत असावा आणि त्याने विचारावं : हे माझ्या रुग्णाच्या काय कामाचं? नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर नव्हे, प्रत्यक्ष काम तपासा, असं 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही सांगितलं आहे. याला निधी लागत नाही. लागतो अर्धा दिवस आणि वाचायची तयारी. तीही नसेल, तर समिती कशाला हवी? बेरीज कारकूनही करतो.