फ्यूजला चांदी गुंडाळणाऱ्यांनो, जरा थांबा

गाडीतल्या लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सारखा उडतोय म्हटलं की आपल्याकडं एकच सल्ला मिळतो: "मोठा टाक की!" दुकानदार देतो, मेकॅनिक देतो, पारावरचा शहाणाबी देतो. माझ्या मते हा सल्ला न्हाई, गाडी पेटवायचा धंदा हाय.

फ्यूज तुमच्या मोबाइलसाठी नसतो, डॅशबोर्डच्या मागं जाणाऱ्या वायरीसाठी असतो. वायर किती करंट सोसते त्यावर त्याचा आकडा ठरतो. तांबडा १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. १५ च्या जागी ३० घातला, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की मग वायरच फ्यूज होते. ती वितळते दिसत नाही अशा जागी, आणि मागं हौद्यात उसाचं पाचट भरलेलं असतं.

ते भोक मुळात सिगारेट पेटवायला केलेलं. आतली कॉइल दहाएक अँपिअर ओढायची, पण काही सेकंदच. लाल झाली की खटकन बाहेर. आपण त्यावर हवेचा पंप, इन्व्हर्टर तासन् तास चालवतो. हिशोब शाळेतल्या पोराला येईल असा आहे. सॉकेटवर १२० वॅट लिहिलंय, १२ व्होल्टनं भागा, १० अँपिअर. दीडशे वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर चालवला की १२ च्या वर गेलाच. (ट्रकवाल्यांनी तर आधी व्होल्ट बघावेत, तिथं बहुतेक २४ असतात.)

सगळ्यात वाईट म्हणजे फवारणी पंपाची बॅटरी सरळ सॉकेटला जोडणं. "१२ ला १२, काय होतंय?" होतंय की! ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी दोनेक अँपिअरनं सावकाश भरायची असते. घरचा चार्जर करंट आवरून धरतो. गाडी चालू असताना सॉकेटला १४ व्होल्टच्या आसपास येतात आणि आवरणारं कुणीच नसतं. उतरलेली बॅटरी हपापल्यागत ओढते, तापते, फुगते. रानात चार्ज करायचीच असेल तर १२ व्होल्टवर चालणारा, त्याच बॅटरीसाठीचा चार्जर मधे पाहिजे. नाहीतर घरी रात्री लावा.

कृषी सल्लागार साहेबांनाबी विचारतो: शिबिरात औषध मिलीपर्यंत मोजायला शिकवता, मग पंपाच्या बॅटरीबद्दल अवाक्षर का नाही? आणि ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, तिथल्या माणसानं फ्यूजला चांदी गुंडाळावी?

फ्यूज उडाला तर गाडी बंद करा, प्लग काढा, टॉर्च मारून सॉकेटात बघा. मधलं टोक प्लस, कडेचा पत्रा मायनस. आत पडलेलं एक नाणंसुद्धा दोन्ही जोडतं. प्लग ढिला बसत असेल, कडा तपकिरी पडली असेल तर सॉकेटच बदला. मगच नवा फ्यूज, आणि तोबी गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्याचाच. चहाच्या पैशात येतो, दोन जादा गाडीत टाकून ठेवा.