आवाज बंद झाला, लक्षाचे काय?

कवठे महांकाळ : संध्याकाळी साडेसातच्या सुमारास येथील कोणत्याही गल्लीतून चालत गेले, तर एका घरातील मालिकेचा संवाद संपायच्या आत शेजारच्या घरातील बातम्या कानावर पडतात. आत दहावीचे पुस्तक उघडून बसलेला मुलगा, कमी ऐकू येत असल्याने आवाज वाढवणारे आजोबा आणि दोघांच्या मध्ये अडकलेली घरातील गृहिणी, हे चित्र पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या सदनिकेतही वेगळे नाही. या रोजच्या तंट्यावर सांगली जिल्ह्यातील एका गावाने २०२२ मध्ये आपल्या परीने तोडगा काढला. बाजाराकडे दुसराच तोडगा आहे. तो म्हणजे दूरचित्रवाणी संचाचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट कानात पोहोचवणारा हेडफोन. वरवर पाहता दोन्ही उपाय एकाच दुखण्यावरचे वाटतात. वस्तुतः ती दोन निरनिराळ्या दुखण्यांवरची औषधे आहेत आणि त्यांची गल्लत होण्यातच खरा धोका आहे.

सातचा भोंगा

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. करोनाकाळात शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाच्या निमित्ताने मुलांच्या हाती मोबाइल आला. पुढे शाळा उघडल्या, पण हातातला मोबाइल सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावातील महिलांची बैठक झाली आणि स्वातंत्र्यदिनापासून नवा प्रघात सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद राहायचे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षकांनी दारोदार जाऊन लोकांची समजूत घातली. देश-विदेशातील माध्यमांनी या प्रयोगाची दखल घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. बान्सीने वयाची रेघ आखली, तर वडगावने वेळेची. वेळेची रेघ मोठ्यांनाही लागू होते, हे वडगावच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य.

शहरात असा भोंगा वाजवणार कोण? गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पाण्याच्या वेळेवर एकमत होत नाही, तेथे मालिकेच्या वेळेवर कसे होणार? साहजिकच शहरी कुटुंब वैयक्तिक उपायाकडे वळते.

लहरींचे गणित

हा उपाय घेताना थोडे तंत्र समजून घेणे हिताचे आहे. घरातील बिनतारी हेडफोन साधारणपणे तीन प्रकारे चालतात. पहिला प्रकार अवरक्त किरणांचा. ही किरणे भिंत ओलांडत नाहीत, त्यामुळे ट्रान्समीटरच्या समोर बसूनच ऐकावे लागते. दुसरा रेडिओ लहरींचा. त्याचा ट्रान्समीटर टीव्हीला जोडलेला असतो आणि आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचतो. तिसरा आणि आज सर्वाधिक प्रचलित प्रकार ब्लूटूथचा. संचातच ब्लूटूथ असेल तर वेगळे यंत्र लागत नाही. जुन्या संचाला हेडफोनच्या छिद्रात किंवा ऑप्टिकल जोडणीत बसणारा छोटा ट्रान्समीटर लावता येतो.

ब्लूटूथची खोड म्हणजे विलंब. आवाज आकुंचित करून पाठवण्यात आणि पुन्हा उलगडण्यात वेळ जातो. आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. ब्लूटूथवरील विलंब अनेकदा याहून अधिक असतो. मग निवेदिकेचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. संचातील आवाज-चित्र जुळवणीची सोय वापरून किंवा कमी विलंबाचा ट्रान्समीटर घेऊन हा दोष बराचसा दूर होतो.

परदेशातील नातेवाइकांकडून हेडफोन मागवणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. अमेरिकेत मात्र घरगुती उपकरणांसाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टाही खुला आहे आणि त्याचा काही भाग आपल्याकडे मोबाइल सेवेसाठी राखलेला आहे. तेथे बिनदिक्कत चालणारे यंत्र येथे नियमात बसेलच असे नाही.

दिलासा कोणाला?

या तंत्राचा खरा लाभार्थी विद्यार्थी नसून घरातील वृद्ध आहे. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी आवाज वाढवणे हा हट्ट नसतो, ती गरज असते. हेडफोनमुळे आजोबांना संवाद स्पष्ट ऐकू येतात आणि ‘आवाज कमी करा’ हे रोजचे बोलणेही थांबते. एकाच वेळी अनेकांच्या कानात आवाज पोहोचवणारे ऑराकास्ट हे ब्लूटूथचे नवे रूप २०२२ मध्ये पुढे आले. सुसंगत श्रवणयंत्रातही ते चालते. आजी-आजोबांनी एकत्र मालिका पाहायची, पण प्रत्येकाने आपल्या कानाला झेपेल त्या आवाजात, हे त्यामुळे शक्य होते. मात्र टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे हे अनेकदा श्रवणदोषाचे पहिले लक्षण असते. हेडफोन घेतला म्हणून कानाची तपासणी टाळणे म्हणजे लक्षण झाकून रोग पोसणे होय.

तरुणांच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे तर सरासरी आवाज ८० डेसिबलच्या आत हवा आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित कालावधी निम्म्यावर येतो. म्हणजे ८६ डेसिबलला ४० तासांचे दहाच तास उरतात.

ऐकू न येणारा प्रश्न

याहून सूक्ष्म प्रश्न घराच्या घडीचा आहे. टीव्ही मोठ्याने चालू असे, तेव्हा तो त्रासदायक असला तरी त्याची चाहूल सर्वांना असे. मूल काय पाहते आहे, किती वेळ पाहते आहे, हे स्वयंपाकघरातून आईला कळे. हेडफोनने आवाज बंद केला आणि त्याबरोबर ही चाहूलही घालवली. घर शांत झाले याचा अर्थ मुलाचे लक्ष पुस्तकात आहे असा होत नाही. पडदा चालूच असतो, फक्त त्याची वार्ता घराला लागत नाही. मोठ्यांच्या हाती चालू पडदा दिसत असताना मुलाने तेवढा तो टाळावा, ही अपेक्षाही मग फोल ठरते.

वडगावने नेमके हेच ओळखले होते. तेथे आवाज कमी करण्याचा ठराव झाला नाही, तर पडदाच दीड तास बंद ठेवण्याचा झाला आणि तोही सर्वांनी मिळून. हेडफोन आवाजाचा तंटा मिटवतो, पण लक्षाचा तंटा त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेव्हा आजोबांसाठी हेडफोन जरूर आणावा. परंतु मुलाच्या अभ्यासासाठी तो आणला, असे कोणी स्वतःला समजावू नये. शहरात मंदिरावर भोंगा नसेल, पण भिंतीवर घड्याळ आहे. रोज ठराविक तास घरातील सर्वांनी, अगदी कर्त्या माणसांनीही, पडदा बंद ठेवायचा की नाही, एवढा निर्णय घेण्यासाठी ग्रामसभेची गरज पडत नाही.