पाळण्यातल्या मुलाची शिक्षिका

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून एक प्रकार आहे. दोन वर्षांचे, सरकारी मदतीवर चालणारे, विद्यापीठापेक्षा बरीच कमी फी घेणारे कॉलेज. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले असे कॉलेज आजही चालू आहे. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वर्गात येऊन बसणाऱ्या लेकुरवाळ्या बायका तिथे पुष्कळ. त्यांतल्या काही जणी अपंग किंवा वाढीत मागे पडलेल्या अगदी लहान मुलांना शिकवण्याची विद्या घेतात. जन्मापासून शाळेच्या वयापर्यंतची मुले.

पाळण्यातल्या पोराला काय शिकवणार, असे कुणी विचारील. पण मान धरणे, बोट दाखवणे, हाक मारल्यावर वळून पाहणे हेच त्याचे शिक्षण. विद्यार्थिनीला पहिल्यांदा शिकवतात ते पाहायला आणि पाहिले तेवढेच लिहायला. 'मूल हट्टी आहे' असे लिहायचे नाही. 'चेंडू काढून घेतल्यावर तीन मिनिटे रडले, मग आईकडे रांगत गेले' असे लिहायचे. आम्हाला हा धडा फार मोलाचा वाटतो. शिक्का मारणे सोपे, पाहणे अवघड. दुसरा धडा असा की आठवड्यातून तासभर येणाऱ्या बाईपेक्षा रोज आंघोळ घालणारी, घास भरवणारी आई जास्त शिकवू शकते. म्हणून तिलाच हाताशी धरायचे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तिथे जो लेखी आराखडा करतात, तो म्हणूनच एकट्या मुलाचा नसतो, सगळ्या कुटुंबाचा असतो.

हे सारे दयेपोटी आलेले नाही. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ब्राउन खटल्यात दिला. पुढे अपंग मुलांच्या पालकांनी तोच आधार घेतला : आमच्या मुलांना शाळेचे दार बंद का? पेनसिल्व्हेनिया आणि राजधानी वॉशिंग्टन येथील खटल्यांत १९७२ साली त्यांच्या बाजूने निकाल लागले. १९७५ साली कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांखालच्या बालकांसाठीही सोय झाली. वर्गाबाहेर बसून धडा ऐकणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. दोन वर्षांच्या पदवीवर बहुधा मदतनिसाचेच काम मिळते आणि पगार कामाच्या मानाने कमी असतो. सरकारी शाळेत स्वतःचा वर्ग हवा तर पुढे चार वर्षांची पदवी आणि परवाना लागतो. मात्र कम्युनिटी कॉलेजात केलेला अभ्यास बहुतेक करून पुढे धरला जातो.

आपल्याकडे या कामात येऊ पाहणाऱ्या मुलींनी फी भरण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता कागदावर पाहावी. या परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. आणि ज्या घरात दोन वर्षांचे मूल अजून एकही शब्द बोलत नाही, त्यांनी 'याचा बापही उशिराच बोलला' या समजुतीवर वर्ष घालवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत विचारा; पुढच्या उपचारासाठी अनेक जिल्हा रुग्णालयांत वेगळे केंद्र आहे.