लिटरभर आइस्क्रीम म्हणजे किती किलो?

परवा मुलीच्या वाढदिवसाला तालुक्यातून आइस्क्रीमचा एक लिटरचा डबा आणला, 250 रुपयांचा. हाताला हलका लागला म्हणून घरच्या दुधाच्या काट्यावर ठेवला. खाऊन झाल्यावर रिकामा डबा धुऊन त्याचं वजन वजा केलं. आतला माल भरला 536 ग्रॅम.

लिटरभर दूध साधारण 1030 ग्रॅम भरतं, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. मग हे अर्धं गेलं कुठं? तर हवेत. म्हणजे हवाच भरलीय.

डबेवाल्याने फसवलं असं म्हणत नाही, ते आधी सांगतो. एफएसएसएआयचा नियमच आहे की एक लिटर आइस्क्रीम किमान 525 ग्रॅम भरलं पाहिजे. मीडियम फॅट आणि लो फॅटला तर 475 ग्रॅम चालतात. आइस्क्रीमचं मिक्स लिटरला साधारण 1.1 किलो असतं. मशीनमध्ये गोठवताना त्यात हवा घुसळतात, त्याला ओव्हररन म्हणतात. हिशोब करा: 525 ग्रॅमपर्यंत खाली आणलं तर एक लिटर मिक्सचं जवळपास 2.1 लिटर आइस्क्रीम होतं. सगळं कायद्यात बसतं. माझं भांडण त्या मापाशीच आहे.

आपलं दूध डेअरीत गेलं की काय होतं? वजन, फॅट, डिग्री, एसएनएफ. गायीचं 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या खाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले. डिग्री जरा कमी लागली की "पाणी हाय का ओ यात?" असं चारचौघांत विचारतात. पाण्याचा थेंब आमच्याकडून वसूल होतो आणि तेच दूध डब्यात गेलं की हवा लिटरने विकली जाते!

फॅटचं पण बघा. आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचं फॅट लागतं. 525 ग्रॅमचे 10 टक्के म्हणजे 52.5 ग्रॅम. आमच्या म्हशीच्या 6 फॅटच्या एक लिटर दुधात जवळजवळ 62 ग्रॅम असतं. म्हणजे नियमातल्या किमान लिटरभर आइस्क्रीमपेक्षा लिटरभर म्हशीच्या दुधात फॅट जास्त.

डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेले मित्र म्हणतील, हवा नसेल तर आइस्क्रीम विटेसारखं घट्ट होईल, चमचा शिरणार नाही. मान्य. कुल्फीत हवा घुसळत नाहीत, म्हणून ती चावून खावी लागते. घाला की हवा, पण विकताना वजनाने विका.

कारण लिटरवर गिऱ्हाईक फसतं. समजा शेजारी 220 रुपयांचा मीडियम फॅटचा डबा आहे आणि तो बरोबर 475 ग्रॅम भरतो. लिटरला 30 रुपये स्वस्त वाटतो. किलोवर आणा: माझा 466 रुपये, तो 463. फरक तीन रुपयांचा, आणि फॅट कमी ते वेगळंच.

तुपाच्या पाकिटावर 1 लिटर आणि शेजारी 905 ग्रॅम लिहिलेलं असतं, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. आइस्क्रीमच्या डब्यावरही ग्रॅम मिलीएवढ्याच ठळक अक्षरात पाहिजेत, आणि दुकानात किलोचा भाव लावलेला पाहिजे. दूध संघांची स्वतःची आइस्क्रीम आहेत, सभासद आपणच. वार्षिक सभेत हा विषय मांडायला कुणी अडवलंय?

घरी बघायचं तर सोपं आहे. 100 मिलीच्या मापात दाबून न भरता काठोकाठ आइस्क्रीम घ्या, वजन करा, मापाचं वजन वजा करून दहाने गुणा. लिटरचे ग्रॅम आले.

आमच्या वहिनींचा बचत गट जत्रेत पॉट आइस्क्रीम विकतो. हाताने फिरवलेलं, त्यात हवा कमीच. तरी कपावर भाव लावतात, म्हणून शेजारच्या मशीनवाल्यापेक्षा महाग दिसतात. यंदा काटा मी देणार आहे, पाटीवर 100 ग्रॅमचा भाव लिहायचा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, काटा द्या, पण गिऱ्हाइकाला समजावायला उभं पण तुम्हीच ऱ्हायचं."