लुटुपुटूच्या लढाईतले खरे-खोटे

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील बायू या गावी जतन केलेला जगप्रसिद्ध भरतकामाचा पट ब्रिटनला उसना देण्याचा निर्णय जुलै २०२५ मध्ये, अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या लंडन भेटीत जाहीर झाला. सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ या काळात ब्रिटिश म्युझियममध्ये तो मांडण्याचे ठरले. त्याच्या बदल्यात सटन हू येथील खजिन्यातील वस्तू आणि लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या फ्रान्सला पाठवण्याचे कबूल करण्यात आले. साडेनऊशे वर्षांचे हे जीर्ण कापड प्रवासात तग धरील काय, यावरून फ्रान्समध्ये मोठे वादंग माजले आणि हजारो लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. हा वाद कापडाच्या सुरक्षिततेचा होता आणि तो रास्तच होता. परंतु पटावर जे चितारले आहे त्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हा त्याहून जुना प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. युरोपात आणि अमेरिकेत हजारो माणसे सुटीच्या दिवशी मध्ययुगीन सैनिकाचा वेश चढवून मैदानात उतरतात. तिकडे या छंदाला 'रीएनॅक्टमेंट' म्हणतात. म्हणजे इतिहासातील प्रसंगाचे, बहुधा लढाईचे, पुनर्मंचन. इंग्लंडमध्ये अकराव्या शतकातील सैनिक उभा करायचा तर बायूच्या पटाला पर्याय नाही. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचा पाडाव केला, आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत ही सारी कथा लोकरीच्या रंगीत धाग्यांनी लिननवर भरली गेली. सुमारे ७० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद अशा या पटाला 'टॅपेस्ट्री' म्हणण्याचा प्रघात असला, तरी मुळात ते विणकाम नाही, भरतकाम आहे. तो बहुधा विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो याच्या आज्ञेवरून, आणि बहुधा इंग्लंडमध्येच, तयार झाला. म्हणजे हात जितांचे आणि कथा जेत्यांची. सैनिकी वेशाचा प्रमुख पुरावा म्हणून ज्याकडे पाहायचे, त्याची जन्मकथाच अशी गुंतागुंतीची आहे.

लढाईच्या जागेवर विल्यमने मठ बांधवला. त्याभोवती वाढलेल्या गावाचे नावच 'बॅटल' पडले. १९७६ साली ही जागा सरकारने राष्ट्रासाठी विकत घेतली आणि आता ती 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेच्या ताब्यात आहे. गेली अनेक वर्षे ऑक्टोबरच्या मध्यास तेथे ही लढाई पुन्हा 'लढली' जाते. २०१६ साली लढाईला ९५० वर्षे झाली, तेव्हा काही हौशी मंडळी यॉर्कपासून बॅटलपर्यंतचा शेकडो मैलांचा मार्ग कापत आली. कारण उत्तरेकडील स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई २५ सप्टेंबरला जिंकून हॅरॉल्डला तसेच दक्षिणेकडे धावावे लागले होते.

या छंदाला मोठी परंपरा आहे आणि तिची सुरुवात काहीशी हास्यास्पद आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथील उमरावाने सरदारी द्वंद्वांचा जंगी सोहळा योजला. चिलखते आली, घोडे आले, लोटालोट गर्दी झाली आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की, सरदारांच्या डोक्यांवर छत्र्या धराव्या लागल्या. आजचा छंद त्या श्रीमंती नाटकापासून बराच दूर आला आहे. अमेरिकेत १९६६ साली बर्कले येथे आणि इंग्लंडमध्ये १९६८ साली यादवी युद्धाच्या निमित्ताने मोठ्या संघटना उभ्या राहिल्या. १९८६ च्या सुमारास 'रीजिया अँग्लोरम' या संस्थेने नॉर्मन विजयाच्या आगेमागे असलेल्या काळासाठी पुराव्याचे कडक नियम घातले. 'त्यांच्याजवळ असते तर त्यांनी वापरलेच असते' हा युक्तिवाद अशा संस्थांत चालत नाही. वस्तू वापरायची तर ती त्या काळी, त्या प्रदेशात आणि त्या थरातील माणसाकडे होती, हे उत्खननातून, चित्रातून किंवा लिखाणातून दाखवावे लागते.

असे दाखवणे वाटते तितके सोपे नाही. लोखंड गंजून का होईना, उरते. लोकर आणि लिनन कुजून जाते. अकराव्या शतकातील इंग्लंडचा एकही संपूर्ण पोशाख आज उपलब्ध नाही. यॉर्कच्या कॉपरगेट भागातील ओल्या मातीने दहाव्या शतकातला एक लोकरी मोजा टिकवला. तो आजच्यासारखा दोन सुयांवर विणलेला नसून एकाच सुईने फास गुंफत केलेला आहे. एवढ्या एका मोज्यावर शेकडो हौशी लोकांनी ती विसरलेली कला पुन्हा हस्तगत केली. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांपासून लाल रंग आणि वोड नावाच्या वनस्पतीपासून निळा रंग काढणे, हाताने सूत कातणे, चामडे शिवणे, हे सारे ज्ञान आता विद्यापीठांपेक्षा अशा मंडळींच्या घरांत अधिक नांदते. गेल ओवेन-क्रॉकर यांच्यासारख्या विदुषींनी अँग्लो-सॅक्सन पोशाखावर केलेले संशोधन वाचून, त्यातले कोणते शिवता येते आणि कोणते अंगावर बसत नाही, हे ठरवणारे वाचक मुख्यतः हेच. चित्रातील घडी खरोखर कशी पडते, हे कागदावर नव्हे, कापडावरच कळते.

चिलखताचे उदाहरण तर फारच बोलके आहे. पटावरील सैनिकांचे कड्यांचे चिलखत पायांपाशी दुभंगून विजारीसारखे दिसते, आणि जुन्या अभ्यासकांनी ते तसेच असल्याचे मानले. कड्यांची विजार घालून खोगिरावर बसून पाहिल्यावर त्यातली अडचण कोणालाही कळावी. ती घोळदार चिलखताची पुढे-मागे दिलेली चीर असावी, हे मत आता सर्वमान्य आहे. मग छातीवरचा तो चौकोन कसला? गळा झाकणारी पट्टी, की आणखी काही? यावर अजून एकमत नाही.

त्याहून चिवट प्रश्न आतल्या कपड्याचा. कड्यांचे चिलखत घाव अडवते, पण आघात अडवत नाही. हाड मोडायचे ते मोडतेच. म्हणून आत जाड शिवणीचा, भरीव डगला असलाच पाहिजे, असे तर्क सांगतो. पटाच्या खालच्या किनारीत मेलेल्यांच्या अंगावरून चिलखते ओरबाडून काढण्याची दृश्ये आहेत, आणि तेथे आतले शरीर चक्क उघडे आहे. ही चितारणाऱ्यांची सवलत की वस्तुस्थिती? बारा-तेराव्या शतकात डगल्याचे उल्लेख मिळू लागतात. अकराव्या शतकासाठी निःसंदिग्ध पुरावा नाही. आज मैदानात मात्र बहुतेक सगळे डगला घालतात, कारण बरगड्या आजच्या आहेत. प्रेक्षक तो पाहतो आणि १०६६ चा सैनिक असाच दिसत असे, अशी खूणगाठ बांधून घरी जातो. सुरक्षेसाठी केलेली तडजोड अशा रीतीने नकळत इतिहास होऊन बसते.

जाता जाता एक गंमत. या मैदानांवर दिसणाऱ्या 'युरोपीय' चिलखतांपैकी आणि तलवारींपैकी पुष्कळ माल भारतात घडलेला असतो. डेहराडूनच्या विंडलास कंपनीचे नाव या व्यवसायात जगभर परिचित आहे. एकेक कडी रिव्हेटने जोडण्याचे किचकट काम पाश्चात्त्य मजुरीच्या दराने परवडण्यासारखे नाही. हेस्टिंग्जच्या टेकडीवर नॉर्मन आणि सॅक्सन एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा दोघांच्याही अंगावर भारतीय कारागिरांचे कष्ट असण्याचा संभव बराच आहे.

वेशाची एवढी चिकित्सा होते. लढण्याची तितकीशी होऊ शकत नाही. हत्यारे बोथट असतात, वार आवरता घेतला जातो आणि अनेक संस्थांत डोक्यावर वार करण्यास सक्त मनाई असते. हे नियम योग्यच आहेत. परंतु खऱ्या रणांगणाची हाडे वेगळेच सांगतात. इंग्लंडमधील टाउटन येथे १४६१ च्या लढाईतील मृतांची एक सामूहिक कबर १९९६ साली सापडली. तीतील जवळजवळ प्रत्येक कवटीवर घाव आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बी येथे १३६१ साली डॅनिश सैन्याने कापून काढलेल्या शेतकऱ्यांच्या कबरीतून अकराशेहून अधिक सांगाडे निघाले, कित्येक अंगावरच्या चिलखतासकट. त्यात पायाच्या नडग्यांवरच्या घावांची संख्या डोळ्यांत भरते. डोके वर्ज्य केले की ढाल धरण्याची रीत बदलते, ढाल बदलली की पायांचा पवित्रा बदलतो, आणि पाहता पाहता एक सुरक्षित पण त्या काळी कधीच नसलेले युद्धतंत्र तयार होते. विशेष म्हणजे ज्या हेस्टिंग्जचा एवढा बोलबाला, तेथे पडताळून पाहायला हाडेच नाहीत. हजारो माणसे पडलेल्या या रणभूमीवर एकही निश्चित सामूहिक कबर सापडलेली नाही, आणि लढाई नेमकी येथेच झाली काय, याविषयीही अधूनमधून शंका काढल्या जातात.

म्हणून हा सारा उद्योग कुचकामी ठरतो काय? मुळीच नाही. जेथे प्रयोग प्रयोगासारखा केला जातो, तेथे त्याचे फळ घसघशीत आहे. लीड्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी रॉयल आर्मरीज या संग्रहालयातील सरावलेल्या मंडळींना पंधराव्या शतकातील धर्तीचे पूर्ण पोलादी चिलखत चढवून धावपट्टीवर चालवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार, चालण्यास लागणारी शक्ती दुपटीहून अधिक झाली. पाठीवर तेवढेच ओझे घेण्यापेक्षाही हे जड जाते, कारण वजन पायांवर वाटलेले असते आणि छातीचे पत्रे श्वास आवळतात. चिखलातून चालत जाऊन दमलेले फ्रेंच सरदार १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला का कोसळले, याचे एक मोजता येणारे उत्तर त्यातून मिळाले. मैदानातल्या तमाशात आणि या प्रयोगात फरक वेशाचा नाही. प्रयोगात काय गृहीत धरले, ते लिहून ठेवलेले असते.

हॅरॉल्डच्या मृत्यूचेच पाहा. डोळ्यात बाण लागून तो मेला, असे इंग्लंडमधील शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि पटाकडे बोट दाखवले जाते. तेथे राजाच्या मृत्यूच्या मजकुराखाली दोन आकृत्या आहेत. एक चेहऱ्याजवळचा दांडा धरून उभी, दुसरी घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळणारी. यांतला हॅरॉल्ड कोणता? १७२९ च्या सुमारास काढलेल्या पटाच्या नकलेत पहिल्या आकृतीच्या हातातील रेघेला बाणाची पिसेच नाहीत. एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीनंतर ती दिसू लागली. दुसऱ्या आकृतीच्या डोक्याजवळ सुईची रिकामी भोके आहेत. लिखित साधनांतही एकवाक्यता नाही. इटलीतील आमाटस या मठवासीयाच्या, पुढे फ्रेंच भाषांतरातूनच उरलेल्या बखरीत डोळ्यातला बाण आहे, तर लढाईवरील एका लॅटिन काव्यात चौघा स्वारांनी राजाचे तुकडे केल्याचे वर्णन आहे. मैदानावर मात्र राजाला एकाच पद्धतीने मरावे लागते.

हौशी मंडळींच्या काटेकोरपणाला आणखी एक बाजू आहे आणि ती कमी सोज्ज्वळ आहे. पन्नाशीचा, पोट सुटलेला शिलेदार रांगेत उभा राहिला तर कोणी हरकत घेत नाही. वास्तविक अशा वयाची माणसे आघाडीच्या रांगेत कितीशी असतील? स्त्रीने चिलखत चढवले किंवा रांगेत एखादा सावळा चेहरा दिसला, की मात्र ऐतिहासिक अचूकतेची आठवण एकाएकी तीव्र होते. पटावर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत हे खरे; पण पुराव्याचा निकष सर्वांना सारखा लावला तरच तो निकष. इंग्रजी वंशगौरवाचे राजकारण 'अँग्लो-सॅक्सन' या शब्दावर इतके स्वार झाले की, त्या काळाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली आपल्या नावातून तो शब्दच काढला. २०१७ मध्ये अमेरिकेतील शार्लट्सव्हिल येथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हातांत मध्ययुगीन धाटणीच्या ढाली होत्या. बहुतांश हौशी लोकांना हे पाहून लाज वाटली असेल. पण शंका पुसून टाकलेला, एकाच रंगाचा इतिहास मैदानावर उभा केला, की तो कोणाच्या कामी येईल हे मांडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

महाराष्ट्राला हा पेच अपरिचित नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास उसनी दिलेली वाघनखे हीच शिवाजी महाराजांनी अफझलखानाविरुद्ध वापरली, याची खातरजमा करणे शक्य नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाने नोंदवून ठेवले होते. तरीही शंका काढणाऱ्यालाच संशयित ठरवण्याची घाई येथे अनेकांना झाली.

लंडनमध्ये पट मांडताना ब्रिटिश म्युझियमला यापेक्षा सोपी वाट उपलब्ध आहे. हॅरॉल्डच्या आकृतीशेजारी १७२९ ची नक्कल लावावी, सुईची भोके दाखवावीत आणि बाणाचा निवाडा पाहणाऱ्यावर सोडावा. बॅटलच्या मैदानावरही, लढाई सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून दोन मिनिटे एवढेच सांगता येईल की, शिरस्त्राणाचा पुरावा आहे, डगल्याचा नाही, आणि डोक्यावर वार होणार नाहीत.